टोमॅटोच्या जाती व त्यांचा पाकगृहांतील उपयोग

संगमनेर, अकोले, राहाता, राहुरी व पारनेर या तालुक्यांतील बागाइतदारांस टोमॅटोची लागवड कशी करावी हें नव्यानें सांगण्याची आतां आवश्यकता उरलेली नाहीं. रोपवाटिकेंतील रोपें, गादीवाफा, ठिबक सिंचन, तार व बांबूचा आधार या गोष्टी त्यांच्या अंगवळणीं पडल्या आहेत. परंतु पिकविलेलें फळ चुलीवर चढल्यावर कसें वागतें, याविषयीं पिकविणारा बहुधा उदासीन असतो. वीस किलोचें क्रेट भरून तें बाजाराच्या गाडींत चढलें कीं आपलें कार्य संपलें, असा सर्वसाधारण समज आहे.

हा समज दोन प्रकारांनीं महाग पडतो. पहिला प्रकार घरांतला. बाजारासाठीं लावलेला जो वाण, तोच घरांत येतो. आणि मग सार फिकें कां होतें, आमटीस पुन्हां चिंच कां घालावी लागते, याचें कोडें गृहिणीस पडतें. दुसरा प्रकार अधिक गंभीर आहे. ऑगस्ट २०२१ मध्यें शेजारच्या नाशिक व औरंगाबाद (आतांचें छत्रपति संभाजीनगर) या जिल्ह्यांत भाव कोसळल्यामुळें शेतकऱ्यांनीं टोमॅटो रस्त्यावर ओतला. पुढें दोनच वर्षांनीं, जुलै २०२३ मध्यें, तोच टोमॅटो शहरांतील किरकोळ बाजारांत किलोस शंभर रुपयांच्या वर गेला. अशा चढउतारांत फळाचें दुसरें रूप करून ठेवण्याचा मार्ग कोणास मोकळा राहील व कोणास बंद होईल, हें पुष्कळ अंशीं लावणीच्या दिवशींच, वाणाच्या निवडीनें, ठरून जातें. सबब टोमॅटोच्या निरनिराळ्या जाती कोणत्या पदार्थास योग्य आहेत, आणि तसें कां, याचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्ही योजिलें आहे.

१. नांव व पूर्वपीठिका

टोमॅटो मूळचा आपल्या देशांतील नव्हे. दक्षिण अमेरिकेंतील अँडीज पर्वताच्या पश्चिमेकडील प्रदेशांत त्याच्या रानटी जाती आढळतात. मेक्सिकोंत त्याची मशागत होत असे, व सोळाव्या शतकांत स्पॅनिश लोकांनीं तो युरोपांत नेला. मेक्सिकोंतील नाहुआत्ल भाषेंतील ‘तोमात्ल’ या शब्दापासून हें नांव निघालें आहे. वांगें, बटाटा व मिरची यांच्याच कुळांतील हें झाड असल्यामुळें जुन्या मराठींत त्यास बेलवांगें असेंही म्हणत. वऱ्हाडाकडे भेदरें हें नांव अद्याप ऐकूं येतें. एकोणिसाव्या शतकांत आपल्या देशांत याची लागवड मुख्यत्वें युरोपियन लोकांच्या मेजासाठीं होत असे. पुढें तो हळूहळू सर्वांच्या घरांत शिरला.

आपल्या जिल्ह्याच्या स्वयंपाकांत आंबटपणाचें काम पूर्वापार चिंचेकडे आहे. टोमॅटो तिच्या शेजारीं येऊन बसला. दोघांचें काम सारखें दिसत असलें तरी तें एक नाहीं. चिंच प्रामुख्यानें आंबटपणा देते. टोमॅटो आंबटपणाबरोबर थोडी गोडी, दाटपणा व रंग हींही देतो. या चार गुणांचें प्रमाण प्रत्येक जातींत निराळें असतें, आणि पाकगृहाच्या दृष्टीनें जातीजातींतील भेद तो हाच.

२. फळाची घटना

पिकलेल्या टोमॅटोंत शेंकडा ९३ ते ९५ भाग पाणी असतें. उरलेल्या पांच-सात भागांत साखर, सायट्रिक आम्ल, तंतु, क्षार व रंगद्रव्यें येतात. फळ आडवें कापून पाहिलें असतां तीन भाग स्पष्ट दिसतात: बाहेरची साल, तिच्या आंतील भिंतीचा गर, आणि कप्प्यांत बियांभोवतीं असलेला बुळबुळीत रस.

साल शिजून विरघळत नाहीं. तिची सुरळी होऊन ती रश्शावर तरंगते. गर दाटपणा देतो. बियांभोवतालच्या रसांत आम्ल अधिक असतें. शिवाय ज्याच्या योगानें पदार्थास भरीव रुचि येते तें ग्लुटामिक आम्लही गरापेक्षां या रसांतच अधिक असतें. बिया नकोत म्हणून जी गृहिणी हा रसही मोरींत ओतते, ती चवीचा मोठा भाग ओतून देते. बिया काढावयाच्याच असल्यास त्या चाळणींत घेऊन रस खालीं उतरवून घ्यावा व तो पदार्थांत घालावा.

तांबडा रंग लायकोपीन या द्रव्याचा आहे. सुमारें २० ते २५ अंश सेल्सिअस उष्णतेंत तें उत्तम तयार होतें. ३० अंशांच्या वर उष्णता गेली कीं त्याची निर्मिति मंदावते, पिवळें कॅरोटीन मात्र तयार होत राहतें. चैत्र-वैशाखांतील आपल्याकडील फळ पिवळट-नारिंगी दिसतें तें यामुळें. तें फळ नासलेलें नसतें. परंतु सॉसला रंग हवा असेल तर हिंवाळ्यांतील फळच घ्यावें. लायकोपीन तेलांत विरघळणारें असल्यामुळें तें कच्च्या फोडींपेक्षां तेलांत शिजलेल्या टोमॅटोंतून शरीरास अधिक चांगलें मिळतें. म्हणून कोशिंबिरीइतकाच आमटींतला टोमॅटोही आरोग्यास उपयोगी आहे.

३. जातींचे वर्ग

बियाण्यांच्या दुकानांत वाणांचीं नांवें असंख्य आहेत व तीं दरवर्षीं बदलतात. पाकगृहाच्या दृष्टीनें त्यांचे पांच वर्ग केले असतां पुरेसे होतात.

(१) आंबट, रसाळ वर्ग. यांत गांवठी टोमॅटो व दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेचा पुसा रुबी हे वाण येतात. फळ चपटें-गोल, अंगावर उथळ घड्या, साल पातळ, कप्पे पुष्कळ, बिया व रस भरपूर. गांवठी फळाच्या देंठाजवळ पिकेपर्यंत हिरवी छटा राहते. बाजारास ही छटा आवडत नाहीं, म्हणून ती नसलेले, सर्वत्र सारखे रंगणारे वाण जगभर निवडले गेले. परंतु या निवडीबरोबर फळांतील साखर कांहींशी कमी झाली, असें २०१२ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत दिसून आलें. या वर्गाचें फळ दूरच्या प्रवासांत टिकत नाहीं, व तोच त्याचा एकमेव मोठा दोष होय.

(२) गरयुक्त वर्ग. लुधियानाच्या पंजाब कृषि विद्यापीठाचा पंजाब छुहारा व परदेशांतून आलेला रोमा हे याचे परिचित नमुने आहेत. फळ लांबट, भिंत जाड, बिया थोड्या, पाणी कमी. आपल्या राहुरी येथील महात्मा फुले कृषि विद्यापीठाचा (स्थापना १९६८) भाग्यश्री हा वाणही तांबडालाल, गराचा व कमी बियांचा असून तो प्रक्रियेसाठीं शिफारस केलेला आहे.

(३) कठीण, बाजारी संकरित वर्ग. संगमनेर, नारायणगांव व पिंपळगांव बसवंत येथील बाजारांतून दूरच्या शहरांकडे जाणारा बहुतेक माल या वर्गांतला. साल जाड, फळ टणक, आकार एकसारखा. अनेक संकरित वाणांत रोगप्रतिकारशक्तिही असते. उदाहरणार्थ, बंगळूरच्या भारतीय फलोत्पादन संशोधन संस्थेचा अर्का रक्षक हा वाण पर्णगुच्छ विषाणु, मर व लवकर येणारा करपा या तिन्ही रोगांस दाद देत नाहीं. ही मोठीच सोय आहे. तथापि हें फळ रंग फिरूं लागतांच तोडतात व तें वाटेंत पिकतें. त्यामुळें झाडावर पिकलेल्या फळाची गोडी व वास त्यांत येत नाहीं. या वाणांस तुच्छ लेखण्याचें कारण नाहीं. पैसा यांनींच येतो. यांचें पाकगृहांतील स्थान मात्र ओळखून असावें.

(४) चेरी टोमॅटो. बोराएवढें फळ, घोंसानें येणारें, इतर सर्वांहून गोड. राहुरीच्या विद्यापीठाचा फुले जयश्री हा वाण या वर्गांतील आहे.

(५) केशरी वर्ग. राहुरीचा फुले केसरी हा याचा नमुना. यांचा रंग कॅरोटीनचा असल्यामुळें सार पिवळें होतें, व गाजराप्रमाणें अ जीवनसत्त्वाचा अंश त्यांतून मिळतो. याच विद्यापीठाचा धनश्री हा मध्यम गोल, नारिंगी छटेचा सरळ वाण मधल्या प्रकारचा आहे. तो घरगुती सर्व कामास चालतो.

४. कोणत्या पदार्थास कोणता टोमॅटो

सार व आमटी. येथें पहिल्या वर्गाचें फळच हवें. अर्धा किलो पिकलेले आंबट टोमॅटो घेऊन त्यांच्या चार चार फोडी कराव्या, दोन वाट्या पाण्यांत झांकून मऊ शिजवाव्या, व निवल्यावर कुसकरून बारीक चाळणींतून गाळाव्या. दोन चमचे तुपाची जिरें, हिंग, लसूण, कढीलिंब व दोन मिरच्या यांसह फोडणी करून त्यांत हा रस ओतावा. चवीप्रमाणें मीठ व सुपारीएवढा गूळ घालून एक उकळी आणावी. कोंकणांत यास नारळाचें दूध लावतात. तें घातल्यास सार पुन्हां उकळूं नये, नाहीं तर दूध फुटतें. नारळ नसल्यास दोन चमचे भाजलेल्या शेंगदाण्यांचें कूट बारीक वाटून लावावें. आपल्याकडील भाकरीस तें अधिक मानवतें. बाजारी संकरित टोमॅटोचें सार करणें भाग पडल्यास दोन आमसुलें अथवा चिंचेचा थोडा कोळ घालावा. गूळ वाढवून उपयोग होत नाहीं, कारण उणीव आंबटपणाची असते.

रस्सा व मसाल्याच्या भाज्या. येथें दाटपणा व आंबटपणा दोन्ही लागतात. दोन गरयुक्त व एक आंबट, असें मिश्रण घ्यावें. काळ्या मसाल्याच्या रश्शांत वा येसराच्या आमटींत टोमॅटो बेताचा असावा. फार झाल्यास भाजलेल्या मसाल्याचा वास दबतो.

कोशिंबीर. कठीण संकरित फळ येथें सर्वोत्तम, कारण त्याच्या फोडी सुबक राहतात व पाणी कमी सुटतें. कांदा, कोथिंबीर, शेंगदाण्याचें कूट व दहीं यांसह कालवावें. मीठ मात्र पान वाढतांना घालावें. आधीं घातल्यास तें फळांतील पाणी ओढून घेतें व वाटींत रस्सा होतो.

भरलेले टोमॅटो व भरीत. यांसही कठीण अथवा गरयुक्त फळच हवें. निखाऱ्यावर सर्व बाजूंनीं भाजून साल काढावी, व हातानें कुसकरून कांदा, हिरवी मिरची, मीठ व कच्चें तेल घालावें. आंबट रसाळ फळ निखाऱ्यावर फुटून वाहून जातें.

चेरी टोमॅटो. कच्चे खावे, मुलांच्या डब्यांत द्यावे, अथवा मोहरी-जिऱ्याच्या फोडणींत अख्खेच दोन मिनिटें परतून मीठ टाकून उतरवावे. गाळून सार करण्यास ते योग्य नाहींत. सालीचा भाग फार, व गोडीमुळें साराची धार जाते.

हिरवा टोमॅटो. हंगामाच्या अखेरीस झाडें उपटतांना राहिलेलीं पूर्ण वाढलेलीं हिरवीं फळें फेकूं नयेत. पाव किलो फळांच्या जाड चकत्या व चार हिरव्या मिरच्या थोड्या तेलांत तव्यावर डाग पडेपर्यंत परताव्या. त्यांत सहा पाकळ्या लसूण, पाव वाटी भाजलेले शेंगदाणे, चमचाभर तीळ, जिरें व मीठ घालून पाट्यावर जाडसर वाटावें. बाजरीच्या भाकरीबरोबर ही चटणी फार गोड लागते. अगदीं कोंवळीं, गोटीएवढीं फळें मात्र घेऊं नयेत. त्यांत टोमॅटिन हें कडवट द्रव्य अधिक असतें, व तें फळ वाढतां-पिकतां कमी होत जातें. टोमॅटोचा पाला कधींही खाऊं नये.

५. शिजविण्याचे कांहीं नियम

पहिला नियम: डाळ अथवा कडधान्य पूर्ण शिजल्यावरच टोमॅटो घालावा. आम्लामुळें धान्याच्या कणांस जोडणारें पेक्टिन द्रव्य लवकर विरघळत नाहीं, व डाळ कितीही शिजविली तरी बोटास लागते. कांद्याचेंही तसेंच, तो मऊ झाल्यावर टोमॅटो घालावा.

दुसरा नियम: फोडणींतला टोमॅटो तेल सुटेपर्यंत परतावा, असें जुन्या बायका सांगतात, त्यांत शास्त्र आहे. टोमॅटोंत पाणी आहे तोंवर कढईंतील उष्णता १०० अंशांच्या फारशी वर जात नाहीं. पाणी आटलें कीं तेल वेगळें दिसूं लागतें, उष्णता वाढते, कच्चा वास जातो व गोडी उतरते. रसाळ जातीस यास वेळ अधिक लागतो, गरयुक्त जातीस कमी. इंधनाची बचत हवी असल्यास वाणाची निवड येथेंही उपयोगी पडते.

तिसरा नियम भांड्यांचा. कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यांत टोमॅटो कधींही शिजवूं अथवा ठेवूं नये. आम्लानें धातु उतरतो व तो पोटास बाधतो. लोखंडी कढईंत सार काळवंडतें व लोखंडाची चव उतरते. ॲल्युमिनियमच्या भांड्यांत शिजवून लगेच काढून घ्यावें, रात्रभर ठेवूं नये. स्टेनलेस स्टील, काच, चिनी माती व मातीचें भांडें हीं निर्दोष होत.

चौथा नियम साठवणीचा. अर्धवट पिकलेलें फळ फ्रीजमध्यें ठेवूं नये. सुमारें १२ अंशांखालीं त्याचें पिकणें बिघडतें व वास मारला जातो. घरांत सावलींत, देंठाची बाजू खालीं करून, एकावर एक न रचतां ठेवावें. लवकर पिकावें म्हणून कार्बाइडचा उपयोग कोणीं करूं नये; तो कायद्यानें निषिद्ध आहे.

येथें रोगट फळाविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. मे २०२० मध्यें संगमनेर, अकोले व पलीकडील जुन्नर तालुक्यांत फळांवर पिवळे-हिरवे पट्टे पडून पिकाचें मोठें नुकसान झालें, व ‘तिरंगा’ या नांवानें तो रोग गाजला. बंगळूरच्या संस्थेनें तपासलेल्या नमुन्यांत काकडी मोझॅक विषाणु प्रामुख्यानें आढळला. त्या वेळीं या रोगाचा संबंध माणसांच्या साथीशीं जोडणाऱ्या अफवा उठल्या आणि निरोगी मालासही गिऱ्हाईक मिळेना. वनस्पतींचे असले विषाणु माणसास बाधत नाहींत. असें फळ आंतून कठीण व बेचव असतें, तें सारखें पिकत नाहीं, म्हणून स्वयंपाकास निरुपयोगी समजावें; विषारी समजूं नये. हें ज्ञान गिऱ्हाइकापर्यंत पोंचविणें पिकविणाऱ्याच्याच हिताचें आहे.

६. मंदीच्या दिवसांत

तोडणीची मजुरीही निघेनाशी झाली म्हणजे फळाचा सॉस करूं, असें पुष्कळांस वाटतें. त्यापूर्वीं थोडा हिशेब पाहावा. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमांप्रमाणें टोमॅटो प्युरींत मीठ वगळून विद्राव्य घनांश शेंकडा ९ पेक्षां कमी असूं नये, व पेस्टमध्यें २५ पेक्षां. आपल्या फळाच्या रसांत घनांश शेंकडा ४ असेल, तर १०० किलो रसापासून ९ घनांशाची प्युरी सुमारें ४४ किलो होते, आणि ५६ किलो पाणी आटवावें लागतें. रसांत घनांश साडेपांच असेल, तर प्युरी ६१ किलो होते व पाणी ३९ किलोच आटवावें लागतें. श्रम तेच, चूल तीच. परंतु हातीं माल सतरा किलो अधिक आणि सरपण कमी. पाणचट वाणाचा सॉस करण्यांत तोटा कां येतो, तें या एका उदाहरणानें ध्यानांत येईल. रसाची एक थेंब घालून घनांश सांगणारें लहानसें रिफ्रॅक्टोमीटर यंत्र मिळतें. चार-पांच शेजाऱ्यांनीं मिळून एक घेतल्यास पुरे.

सॉसची घरगुती कृति अशी: शिजवून गाळलेला गर १ किलो, साखर ७५ ग्रॅम, मीठ १० ग्रॅम, बारीक चिरलेला कांदा ५० ग्रॅम, आलें १० ग्रॅम, लसूण व लाल तिखट प्रत्येकीं ५ ग्रॅम, लवंगा ५, आणि दालचिनी, मिरें, जिरें, बडीशेप व मोठी वेलची यांची भरड थोडी थोडी. कांदा, आलें, लसूण व मसाला फडक्यांत बांधून पुरचुंडी गरांत सोडावी, तिसरा हिस्सा साखर घालावी व मंद आंचेवर गर मूळच्या तिसऱ्या हिश्श्याइतका आटवावा. पुरचुंडी पिळून काढावी. उरलेली साखर, मीठ व २५ मिलिलिटर व्हिनेगर घालून क्षणभर उकळावें. बशींत एक थेंब टाकला असतां त्याच्याभोवतीं पाण्याचें वर्तुळ पसरलें नाहीं, म्हणजे सॉस झाला. टिकविण्यासाठीं तयार मालाच्या किलोस पाव ग्रॅम सोडियम बेंझोएट कोमट पाण्यांत विरघळवून मिसळावें, आणि उकळून कोरड्या केलेल्या बाटल्यांत गरम असतांनाच भरावें. मीठ व साखर शेवटीं घालण्याचें कारण असें कीं, तीं प्रथम घातल्यास रंग बिघडतो.

नुसता गर बाटलींत भरून ठेवावयाचा असल्यास अधिक सावधगिरी हवी. ज्या पदार्थाचा सामू ४.६ च्या वर असतो, त्यांत हवाबंद स्थितींत प्राणघातक विष निर्माण करणारे जंतु वाढूं शकतात. टोमॅटो बहुधा या मर्यादेखालीं असतो; परंतु कमी आंबट वाणांचीं व फार पिकलेलीं फळें तिच्या अगदीं जवळ, कधीं पलीकडेही, जातात. म्हणून अर्ध्या लिटरच्या प्रत्येक बाटलींत पाव चहाचा चमचा लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक आम्ल, अवश्य घालावें. गर उकळता भरावा, झांकण लावावें, व बाटल्या पूर्ण बुडतील इतक्या पाण्यांत, पाण्यास उकळी आल्यापासून ४० मिनिटें उकळाव्या. आपला प्रदेश समुद्रसपाटीपासून उंच असल्यामुळें पाणी थोड्या कमी उष्णतेवर उकळतें; सबब किनाऱ्यावरच्या पुस्तकांतील वेळ येथें पुरत नाहीं. झांकण फुगलेली बाटली चाखूनही पाहूं नये, फेकून द्यावी.

वाळविण्याची रीत सर्वांत स्वस्त. गरयुक्त फळाच्या उभ्या फोडी करून थोडें मीठ लावावें, व जाळीवर पातळ कापड झांकून फाल्गुन-चैत्राच्या उन्हांत, शक्य तर सौर वाळवणयंत्रांत, मोडल्यास तुटेपर्यंत वाळवाव्या. १०० किलो फळाचा वाळलेला माल सहा-सात किलोच उतरतो, कारण बाकीचें सर्व पाणीच होतें. रसाळ जातीच्या फोडी मात्र वाळण्याआधीं बुरसतात. वाळलेल्या फोडींची पूड आमटींत, चटणींत व भेळीच्या मसाल्यांत उत्तम चालते. विक्री करावयाची असल्यास अन्न सुरक्षा कायद्याखालीं नोंदणी करून घ्यावी.

७. घरचा वाफा

वरील विवेचनावरून निष्कर्ष सरळ निघतो. बाजारासाठीं बाजाराचा वाण लावावा. त्याबद्दल आमचा वाद नाहीं. परंतु बांधाच्या कडेस अथवा विहिरीजवळ घरासाठीं पन्नास झाडें निराळीं लावावीं: पंचवीस आंबट रसाळ जातीचीं व पंचवीस गरयुक्त जातीचीं. यांस बाजारांत पोंचण्याची घाई नसल्यामुळें फळ झाडावर पूर्ण पिकूं द्यावें.

या वाफ्याचा आणखी एक लाभ आहे. संकरित वाणाचें बियाणें घरीं धरून उपयोग नाहीं. पुढील पिढी एकसारखी येत नाहीं. पुसा रुबी, धनश्री, भाग्यश्री, पंजाब छुहारा व गांवठी हे सरळ वाण होत. टोमॅटोचें फूल बहुधा स्वतःच्याच परागानें फळतें, म्हणून या वाणांचें बियाणें घरीं धरतां येतें. निरोगी झाडावरील पूर्ण पिकलेलीं फळें निवडून बियांसह रस मातीच्या वा काचेच्या भांड्यांत एक-दोन दिवस आंबूं द्यावा, मग बिया चोळून धुवाव्या, तळाशीं बसलेल्याच घ्याव्या, व सावलींत वाळवून कोरड्या डब्यांत ठेवाव्या. विषाणूची लक्षणें दिसलेल्या झाडाचें बियाणें मुळींच धरूं नये.

ज्याच्या शेतांत गरयुक्त वाणाच्या चार सरी आहेत, त्यास भाव पडल्यावर निदान चार बाटल्या भरतां येतात. ज्याच्या शेतांत केवळ टणक, पाणचट फळ आहे, त्यास व्यापाऱ्याच्या भावाखेरीज दुसरा आसरा राहत नाहीं. चार सरींनीं मंदी टळणार नाहीं, हें आम्ही जाणतों. तथापि वर्षभराचा सॉस, पूड व सार घरचें निघालें, आणि त्या निमित्तानें घरांतील स्त्रियांस लावणीच्या वेळीं वाणाच्या निवडींत आपलें मत सांगतां आलें, तर तो लाभ लहान नाहीं. कारण कोणतें फळ कशास चांगलें, हें सर्वांआधीं त्यांनाच कळतें. आमच्या बागाइतदार बंधूंनीं येत्या हंगामाचें बियाणें आणण्यापूर्वीं घरांत हा प्रश्न एकदां विचारावा, एवढीच आमची सूचना आहे.